चौथ्या ट्रॅकपर्यंत

शनिवार पेठेत नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत नासिरभाईंचं दुकान आहे. दुकान म्हणजे साडेसहा फूट रुंदीची जागा, त्यातली निम्मी तबल्याच्या लाकडी खोडांनी अडवलेली. उरलेल्या निम्म्यात नासिरभाई आणि त्यांची मतं.

तबल्यावर चढवायची पुडी करणं हे त्यांचं काम. वडिलांचं आणि आजोबांचंही हेच. बकऱ्याचं कातडं ताणायचं, त्याच्या कडेनं चामड्याच्या पट्ट्यांचा गजरा विणायचा, मधोमध लोखंडाच्या भुकटीची काळी शाई थरावर थर देत दगडानं घोटायची, मग ती चामड्याच्या वाद्यांनी खोडावर आवळून, वाद्यांखाली लाकडी गट्टे सरकवून हातोडीनं ठोकत सूर लावायचा. गिऱ्हाईक आलं की नासिरभाई त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत. तबल्यावर एक टिचकी मारतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. "दमट खोलीत ठेवता. खिडकी उघडत जा." किंवा, "हा तुमच्या चिरंजीवांनी वाजवलाय. त्यांना क्रिकेटला घाला."

लोकांना राग येतो. पण पुढच्या वेळी ते पुन्हा इथेच येतात, कारण टिचकी कधी चुकत नाही. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात नासिरभाईंनी ऐकण्याशिवाय दुसरं काही केलेलं नाही, असं त्यांच्या ओळखीचा कुणीही सांगेल. ते स्वतःही असंच सांगायचे. गेल्या दोन-तीन महिन्यांपासून सांगत नाहीत.

शुभंकर आला तो सोमवार होता. हा मुलगा दिवसा सॉफ्टवेअर कंपनीत असतो आणि उरलेल्या वेळात 'साडेसात' नावाच्या बँडमध्ये तबला वाजवतो. जॅझ, रॉक आणि आपले ताल एकत्र करणारी ही मंडळी. गिटार, बास, ड्रम, सॅक्सोफोन, आणि त्यांच्यामध्ये मांडी घालून बसलेला हा. त्यानं कापडात गुंडाळलेला तबला फळीवर ठेवला.

"चाचा, दोन वाद्या तुटल्यात. गट्टे जागेवर राहत नाहीत. शनिवारच्या आत लागेल."

"शनिवारी काय, लग्न?"

"रेकॉर्डिंग. खडकवासल्याला मित्राचा बंगला आहे, तिथे. अल्बमचे चार ट्रॅक झाले, चार राहिलेत. पुढच्या महिन्यात शुक्रवारी रिलीज."

"शुक्रवारीच का?"

"जगभर नवे अल्बम शुक्रवारीच येतात."

"वा! म्हणजे आमच्यासारखीच आहेत म्हणायची माणसं. दर जुम्म्याला जमतात."

शुभंकर हसला. मग हसू आवरून त्यानं त्या गुंडाळीवर हात ठेवला. "एक करा चाचा. पुडीला हात लावू नका. फक्त वाद्या बदला."

"का? पुडीला काय सोन्याचा मुलामा दिलाय?"

"तसं नाही. आवाज बदलायला नको. अर्धा अल्बम याच आवाजात झालाय."

"आपण म्हणाल तसं," नासिरभाई म्हणाले.

नासिरभाईंच्या तोंडून 'आपण' निघालं की समजायचं, यांना काहीतरी खुपलं. शुभंकरला ते माहीत होतं. त्याच्या ओठांवर आणखी काहीतरी आलंही होतं. पण तो हेल्मेट घालून, स्कूटर वळवून निघून गेला.

नासिरभाईंनी कापड सोडलं.

पुडीवरची शाई नेहमीपेक्षा बोटभर रुंद होती. आणि गजरा उलट्या पिळाचा होता.

उलट्या पिळाचा गजरा विणणारा माणूस नासिरभाईंनी आयुष्यात एकच पाहिला होता, तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ तालिब. तालिब डावखुरा. लहानपणी अब्बांनी त्याच्या डाव्या हाताला फडकं बांधून ठेवलं, महिनाभर. पोरगं उजव्या हातानं जेवायला शिकलं, लिहायला शिकलं, पण कातडं हातात दिलं की फडकं सुटायचं. शेवटी अब्बाच कंटाळले. "विणू दे उलटं. कातड्याला कुठे कळतंय." भावाभावांनी याच साडेसहा फुटांत पाठीला पाठ लावून चोवीस वर्षं काम केलं.

मग तालिबला ते नवं खूळ लागलं. शुक्रवारची नमाज झाली की तो दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात फोन घेऊन बसायचा आणि त्या आठवड्यात आलेले गिटार-ड्रमवाल्या गाण्यांचे अल्बम ऐकायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ऐकून झालं की भिंतीवर खडूनं अल्बमचं नाव लिहायचा आणि पुढे शेरा. 'तबला दिसत नाही.' 'तबला पत्र्यासारखा.' 'इथे बरा बसलाय.' परीक्षेचे पेपर तपासल्यासारखं.

"या आठवड्यात तीन आलेत भाईजान. एक ऐका ना."

"मला ऐकू येतं तेवढं पुरे. पाटा-वरवंटा जिन्यावरून सोडलाय."

"तो ड्रम आहे. त्याच्याशेजारी आपला तबला ऐका. नुसता टणटणतो. बास गिटार खालची सगळी जागा घेते, मग आपल्याला वर उरतं काय? खालचा सूर पाहिजे, भरीव. मी शाई रुंद करून बघतो."

चार महिने तो त्या रुंद शाईच्या मागे होता. पुड्या करायचा, फेकायचा, पुन्हा करायचा. एके दिवशी दुपारी एक तबला घेऊन आला आणि नासिरभाईंच्या पुढ्यात ठेवला. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तालिबचे डोळे असे लकाकत होते, की ते बघूनच नासिरभाईंच्या डोक्यात सणक गेली. त्यांनी कुंभाराकडे माठ घेताना मारतात तशी बोटाच्या पेरानं लाकडी खोडावर टकटक केली आणि म्हणाले,

"छान झालंय. पाणी भरून ठेव. उन्हाळ्यात गार राहील."

तिन्ही गिऱ्हाइकं हसली. तालिबही हसला. मग त्यानं तबला गुंडाळला, चपला घातल्या आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. महिन्याभरानं कळलं, वारज्याला भाड्याची जागा घेतलीय, घरीच काम करतो, त्या गिटारवाल्या पोरांची रीघ लागलीय.

सहा वर्षं. ईदला गळाभेट, शिरखुर्म्याची वाटी, 'तब्येत बरी?', 'बरी.' त्यापलीकडे काही नाही. आणि दोन हिवाळ्यांपूर्वी एका पहाटे तालिब झोपेतून उठलाच नाही.

तर त्या सोमवारी तालिबच्या हातची पुडी नासिरभाईंच्या मांडीवर होती. एका बाजूला तिची कड नखाएवढी सुटली होती. खरं सांगायचं तर थोडं ओढून बसवली असती तर आणखी वर्षभर चालली असती. पण नासिरभाईंनी स्वतःला सांगितलं, सुटलेल्या कडेचा माल या दुकानातून बाहेर जाता कामा नये. पोराला काय कळतंय, ऐन रेकॉर्डिंगमध्ये फाटली तर नाव कुणाचं जाईल? आणि असंही सांगितलं, की गजऱ्याकडे आपण पाहिलेलं नाही.

त्यांनी वाद्या सोडल्या, पुडी उतरवली, आपली नवी चढवली. उतरवण्याआधी पुडीवर टिचकी मारायची राहिली. म्हणजे राहिली नाही, मारली नाही.

आणि मग त्या घरात पन्नास-साठ वर्षं चालत आलेली गोष्ट त्यांच्या हातून झाली. अब्बांचा नियम होता, उतरवलेली पुडी शाईतून आडवी कापायची. नाहीतर कुणीतरी ती धुऊन-पुसून आपल्याच दुकानाच्या नावावर विकतो. नासिरभाईंनी कातडं कापायची राप्पी घेतली आणि शाईच्या मधोमध एक सरळ छेद दिला. गजरा तेवढा अखंड राहिला. पुडी फळीखालच्या कातडीच्या गोणीत गेली.

बुधवारी शुभंकर आला. कापड सोडलं आणि नुसता बघत राहिला.

"चाचा, हे काय?"

"नवी आहे. कड सुटली होती जुनीची."

"हात लावू नका म्हटलं होतं ना मी?"

"डॉक्टरकडे जाऊन असंच सांगतोस का? पोट दुखतंय, पण पोटाला हात लावू नका?"

शुभंकर हसला नाही. नासिरभाईंचं वाक्य वाया जायची ती पहिलीच वेळ असेल.

"ती तालिबचाचांची होती," तो म्हणाला. "जायच्या आठ दिवस आधी मला करून दिली. शेवटची. मी फक्त रेकॉर्डिंगला काढायचो. मला वाटलं, तुम्ही बघताच ओळखाल, म्हणून तोंडानं बोललो नाही. तुम्हा दोघांचं ते... मला अवघड वाटलं."

नासिरभाई हातोडीची मूठ पुसत राहिले.

"आणि जैनबचाचींना शब्द दिलाय मी. रेकॉर्डिंग संपलं की पुडी त्यांना नेऊन द्यायची. त्यांच्याकडे चाचांच्या हातचं काहीच नाही ओ. जे केलं ते सगळं गिऱ्हाइकांच्या घरी गेलं. गेल्या ईदला मी गेलो तेव्हा त्यांनी स्वतः मागितली. कधी काही मागत नाहीत त्या." त्यानं फळीवर नजर फिरवली. "जुनी आहे ना? नीट?"

गोणी नासिरभाईंच्या पायाला लागत होती.

"आहे."

"नक्की?"

"मीच देईन नेऊन वारज्याला. तुझा अल्बम येऊ दे आधी."

शुभंकरनं नव्या पुडीवर दोन बोल वाजवून बघितले. स्वच्छ, गोल, सुरात. तक्रारीला जागाच नव्हती. "चांगलीच आहे," तो म्हणाला, एखाद्याच्या घरी नको असलेला चहा घ्यावा तशा आवाजात, आणि गेला.

गोणी न्यायला माणूस गुरुवारी येतो. नासिरभाईंनी ती त्याआधीच उपसली. तालिबची पुडी निघाली. शाईतून आरपार फट, मधोमध, सरळ. नासिरभाईंचा हात कधीच हलत नाही.

ही अशी कशी नेऊन द्यायची? जैनब काही शुभंकर नव्हे. तालिबशी तिचा निकाह झाला त्या वर्षापासून ती या घरचं काम बघत आली होती. उतरवलेली पुडी आपण का कापतो, हे तिला पक्कं माहीत होतं. तिला छेद दिसला की कळणार, ही टाकाऊ म्हणून कापलीय.

तेव्हा नासिरभाईंनी ठरवलं, दुसरी करायची. हुबेहूब. रुंद शाई, उलटा गजरा.

उलट्या पिळानं चार पट्ट्या विणल्या आणि त्यांची बोटं बधिर झाली. मधूनच हात आपसूक उजवीकडे वळायचा, की उसवा पुन्हा. काम त्यांनी घरी नेलं, तर त्यांच्या पत्नी खुशनुमाबी दारात उभ्या राहून बघू लागल्या.

"साठ वर्षं उजव्या हातानं जेवलात. आता डाव्याला कसली शिक्षा?"

"तुझं काय जातंय?"

"माझं काही नाही. तालिबमियां बसायचे तसे बसलायत, म्हणून विचारलं."

त्यानंतर नासिरभाईंनी काम पुन्हा दुकानात आणलं.

गजरा जमला एकदाचा. शाई जमेना. पहिली वाळली आणि पापडासारखी उचलली गेली. दुसरी पुठ्ठ्यासारखी वाजली. तिसऱ्या-चौथ्यात त्यांना कळलं की रुंद करायची म्हणजे नुसती पसरायची नाही. कडेला थर इतके पातळ न्यावे लागतात, की दगड जरा जास्त दाबला तरी सगळं फुकट. तालिबनं चार महिने काय केलं असेल, ते त्यांना आता, तीन आठवड्यांत, एकेक पुडी फेकताना कळत गेलं. या कामाला आपण माठ म्हटलं.

एका शुक्रवारी दुपारी फोनवर शुभंकरचा निरोप आला. 'आला आपला अल्बम. नाव धरणाकाठ. ऐका.' खाली निळी ओळ. नासिरभाईंनी शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या फैझलकडून इयरफोन मागून आणले.

"चाचा, तुम्ही आणि इयरफोन? काय ऐकताय, निकाल?"

"हो. माझा."

त्यांनी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि कानात ते बोंड घातलं. सुरुवातीला नुसती गिटार, पाण्यावर हलका वारा सुटावा तशी. मग ड्रम. नासिरभाईंनी तोंड वाकडं करायची तयारी ठेवली होती. मग बास गिटार खालून सरकत आली आणि तिच्याबरोबर, तिच्याच अंगाला अंग घासत, तबला आला.

टणटणत नव्हता. खाली बसला होता, ऐसपैस, घरच्यासारखा. बास दोन पावलं पुढे गेली की हा थांबायचा, तिला जागा द्यायचा, मग अचानक वर येऊन सॅक्सोफोनला चिमटा काढायचा. शाईचा आवाज सुटून गेल्यावरही मागे काहीतरी रेंगाळत होतं, माणूस बोलून गप्प झाल्यावर खोलीत राहतं तसं. नासिरभाईंनी डोळे मिटले होते. टिचकी न मारता त्यांना सगळं ऐकू येत होतं. कातडं कुठल्या ऋतूतलं, शाई किती थरांची, कड कुठे उतरवलीय. एकही दोष सापडला नाही. एकही.

चार ट्रॅक झाले. पाचवा लागला आणि त्यांचा स्वतःचा तबला वाजला. स्वच्छ, गोल, सुरात. आणि एकटा. सगळे जमिनीवर पंगतीला बसलेत आणि एक जण इस्त्रीची घडी मोडेल म्हणून उभाच आहे, तसा. बास त्याच्या बाजूनं निघून जात होती. सहावा, सातवा, आठवा. नासिरभाईंनी आठही ऐकले, मग पहिल्यावर परत गेले. फैझलनं संध्याकाळी इयरफोन मागितले तेव्हा म्हणाले, "राहू दे, नवे घेऊन देईन."

पुढच्या पुड्या त्यांनी एका कानात ते चार ट्रॅक लावून केल्या. सातवी जमली. म्हणजे जवळपास जमली. घोटून, मळवून, कडेला नखाएवढी सोडवूनसुद्धा ठेवली. दोन वर्षांची दिसू लागली.

रविवारी ते वारज्याला निघाले. पिशवीत वर नवी पुडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तळाला कापलेली.  दुकानात ठेवून यायला मन झालं नाही, इतकंच.

जैनब तिसऱ्या मजल्यावर राहते. साड्यांना फॉल-पिको करून देते. शिलाई मशीन खिडकीशी. मुलगी मिसबा नोकरीला बंगळुरात. दार उघडून ती बाजूला झाली.

"या भाईजान. जिना चढून आलात? लिफ्ट ईद-दिवाळीला सुरू असते."

"पाय आहेत अजून."

"बसा." तिनं पाण्याचा पेला आणला. "माठातलं आहे. फ्रिजचं देऊ?"

"नको. हेच." नासिरभाईंनी पेला हातात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"शुभंकरचा फोन होता," ती म्हणाली. "म्हणाला, तुम्ही स्वतः येणार. मी म्हटलं, त्याला काहीतरी चुकीचं ऐकू आलं असेल."

नासिरभाईंनी पिशवीतून वरचं पुडकं काढून दिलं. तिनं ओढणीला हात पुसले, वर्तमानपत्र न फाडता उलगडलं, आणि पुडी मांडीवर घेतली. गजऱ्यावरून बोट फिरवलं, पिळाच्या दिशेनं, डावीकडे. एक पूर्ण फेरी. तिचा चेहरा इतका मऊ झाला की नासिरभाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. झालं, त्यांना वाटलं. आता उठावं.

मग तिचा अंगठा शाईवर गेला आणि थांबला. पुन्हा फिरला. पुन्हा थांबला. ती उठून खिडकीशी गेली, पुडी तिरकी धरून उजेडात बघितली.

"भाईजान, यातली भुकटी कशानं चाळलीय?"

"चाळणीनं. म्हणजे... तो चाळणीनंच चाळत असेल ना."

"आमच्या घरी चाळणी नव्हती. माझी मलमलची ओढणी होती, पांढरी. तिच्यातून तीनदा चाळायचे मी. काळी झालीय ती आता, आहे कपाटात. यांच्या शाईवर अंगठा ठेवला की सायीवरून गेल्यासारखा जायचा. हा अडतोय." ती परत येऊन बसली. पुडी तिनं दोघांच्या मध्ये ठेवली, हळूच, दुसऱ्याची वस्तू ठेवतात तशी. "ही तुमच्या हातची आहे. मेहनत खूप घेतलीत."

शेवटचं वाक्य टोमणा होतं की नव्हतं, हे नासिरभाईंना कळेना. अख्खं आयुष्य टोमण्यात गेलेल्या माणसाला कळेना.

त्यांनी पेला खाली ठेवला. पिशवीत हात घातला आणि तळाची पुडी काढून तिच्यापुढे ठेवली. ती कशातच गुंडाळलेली नव्हती.

जैनबनं फट पाहिली. दोन्ही हातांनी दोन्ही बाजू जवळ आणून बघितल्या. त्या जुळल्या; हात काढले की पुन्हा उघडल्या. शाईवर अंगठा फिरवला. तो सायीवरून गेल्यासारखा फटीपर्यंत गेला.



"ओळखली होती?" तिनं विचारलं.

नाही म्हणायची सोय होती. गिऱ्हाइकानं सांगितलं नव्हतं, कड सुटली होती, हाताला सवय. इतके आठवडे नासिरभाईंनी हेच सगळं स्वतःसाठी घोकून ठेवलं होतं.

"हो."

"कापायच्या आधी?"

"कापड सोडलं तेव्हाच."

"मग?"

"ती शाबूत परत गेली असती," नासिरभाई म्हणाले, "तर ती चांगली आहे असं मी म्हटल्यासारखं झालं असतं."

"वाजवून बघितलीत?"

"नाही."

"त्या दिवशीही नाही बघितलीत," जैनब म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. तिथेच चढला असता तर बरं झालं असतं. "त्या दिवशी घरी आले आणि मला सगळं सांगितलं. भाईजान म्हणाले, पाणी भरून ठेव. सांगताना इतके हसत होते की ठसका लागला. म्हणाले, वाक्य एक नंबर होतं, भाईजानच बोलू शकतात. मग म्हणाले, पण त्यांनी खोडावर टकटक केली, जैनब. पुडीला बोट लावलंच नाही. म्हणजे अजून ऐकलेलं नाही. ऐकलं की येतील."

जैनबनं पुडी बैठकीवर ठेवली.

"म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानात गेले नाहीत. तुम्ही यावं म्हणून. तो तबला इथे कोनाड्यात ठेवला होता, हातोडी शेजारी. शुक्रवारी नवी गाणी ऐकायला बसले की दार उघडं ठेवायचे. मी म्हणायचे, डास येतात. तर म्हणायचे, येऊ देत." तिनं कोनाड्याकडे मान वळवली. "त्या तबल्याला पण नंतर कसर लागली."

"मला निरोप द्यायचा," नासिरभाई म्हणाले. त्यांचं त्यांनाच ते इतकं पोकळ वाटलं की वाक्य अर्ध्यावर बसलं.

"काय निरोप देणार? ऐका म्हणून?" जैनब म्हणाली. "तुम्हाला?"

खाली कुणीतरी गॅसची टाकी फरफटत नेली. 

"आता ऐकलीय," नासिरभाई म्हणाले. "त्या अल्बमात. रोज ऐकतो."

"मग? टिचकी काय म्हणते?"

एका वाक्यात सांगायची त्यांची रीत.  "मला जमली नसती," ते म्हणाले. "सहा फेकल्या मी. ही सातवी. हिला बाहेरून कुणी नाव ठेवणार नाही, पण ती त्याची नाही. शुभंकरला मी सांगेन. 'आहे' म्हणालो होतो मी त्याला."

जैनबनं मान हलवली. होकार होता की नुसतं ऐकलं म्हणून, कोण जाणे. मग तिनं मशीनच्या खणातून फोन काढला, दोन-तीनदा बोट फिरवलं आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर उभा करून ठेवला. गिटार सुरू झाली. फोनचा स्पीकर तो, बास त्यात नावालाच. तरी तबला आला आणि ती बसल्या जागी किंचित पुढे झुकली.

चारही ट्रॅक दोघांनी ऐकले. चौथ्यात शेवटी सगळे थांबतात आणि तबला एकटा उरतो, अगदी थोडा वेळ. शेवटची थाप पडते आणि ती विरेपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवलंय. ती विरली. जैनबनं लगेच हात लांब करून गाणं बंद केलं. सवयीचा हात होता.

"पुढचे चार आहेत," नासिरभाई म्हणाले.

"त्यात तुम्ही आहात. तुमचं मी ऐकलंय."

ती उठली. सातवी पुडी त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं त्यांच्या पिशवीत ठेवली. "कुणालातरी चढवून द्या. चांगली आहे. वाया घालवू नका." कापलेली मात्र तिथेच राहिली, बैठकीवर.

नासिरभाईंनी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले, चपलेत पाय घातला आणि तसेच उभे राहिले.

"जैनब, पहिल्यापासून परत लावतेस?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. नाही म्हणेल, असं त्यांना वाटलं, आणि म्हणाली असती तर त्यांनी ते घेतलं असतं. ती फोनपाशी गेली आणि लावलं.

नासिरभाईंनी चप्पल काढली आणि परत येऊन बसले. तबला आला तेव्हा त्यांनी बैठकीवरच्या पुडीवर बोट ठेवलं, फटीच्या कडेला, आणि पहिल्यांदाच एक टिचकी मारली. उतरवलेली पुडी वाजत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. तरी त्यांनी डोळे मिटले आणि वाट बघितली.

उठून जैनबनं दार उघडं ठेवलं.